खुंटावरचा गुलाब

प्रिय सुजाता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडलं नसशील, तर आधी कामाचं सांगतो. आईचा गुलाब मेला. येत्या रविवारी तिचा पहिला स्मृतिदिन आहे. बुद्धवंदनेला तिच्याच झाडाचं फूल हवं आणि ते आता फक्त नंदिनी नगरला, तुझ्या अंगणात आहे. माझ्यापासून लपवून तिनं तुला फांदी दिली होती, हे मला तेव्हाच कळलं होतं.

झाड मारलं मीच. पोलाद प्लांटच्या कोक ओव्हनमधून, कोळसा भाजायच्या भट्टीवरून, रिटायर झालो आणि फुलांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवायचं खूळ डोक्यात शिरलं. काळपट लाल, तळहाताएवढा गुलाब हवा होता. तशा जातीच्या फांदीवरचे डोळे काढून मी आईच्या झाडावर कलम म्हणून भरले. नर्सरीवाला धोंडबा म्हणाला, हा देशी एडवर्ड गुलाब, वर दुसरं कलम चढवायला खुंट म्हणूनच वापरतात. ह्याचे पूर्वज म्हणे दूर समुद्रातल्या एका बेटावरचे. कुंपणाला लावलेल्या दोन जातींचा आपोआप संकर झाला, कुणी जुळवून आणला नव्हता. तुझ्या आईला कुठलं बेट न् कुठलं काय! लग्न होऊन आली तेव्हा उमरेडहून ओल्या फडक्यात एक काडी गुंडाळून आणली, क्वार्टरमागच्या मुरमात खोचली आणि महिन्यात पालवी. मे महिन्याची झळ, प्लांटची धूळ, माझा आळशीपणा, सगळं सोसून बारा महिने फिकी गुलाबी फुलं. वासानं शेजारचे कुंपणापाशी थांबायचे.

कलमाच्या खालून तिच्या मूळ झाडाचे फुटवे यायचेच. दिसला की मी कापायचो, धोंडबानं शिकवल्याप्रमाणे डोळ्यासकट खरवडून. ती दारातून म्हणायची, "कावून कापून राहिले त्याले? जगू द्या ना." मी कुणाचं ऐकतो का! यंदाच्या उन्हाळ्यात वरचं कलम वाळलं. रोज पाणी घातलं, शेणखत घातलं, गुडघे टेकून बुंधा चाचपला. एक कोंब नाही. फुटायला मी जागाच ठेवली नव्हती.

पण फूल हे निमित्त आहे, सुजाता. गेल्या वर्षी तू फाटकाशी आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी म्हणालो, आईनंच तुला कळवू नका म्हटलं होतं. खोटं होतं ते. अकरा दिवस दवाखान्यात ती एकच म्हणत होती, "सुजीले बलावा." मी बाहेर जाऊन फोन केल्याचं सोंग करायचो आणि आत येऊन सांगायचो, सुजी यायला नाही म्हणते. अमरदीपशी तू लग्न केलंस त्याचा राग मी मरणाऱ्या बाईवर काढला. शेवटच्या दिवशी तिनं विचारलंच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रविवारी लोक मला तिच्याबद्दल दोन शब्द बोला म्हणतील. मी काय बोलू? नाही आलीस तरी चालेल, असं लिहिणार होतो, पण नाही गं चालत. मला माफ करू नकोस. फक्त ये. आई तुला बोलावत होती. निरोप पोचवायला मी वर्ष लावलं.

तुझाच अपराधी,
बाबा