पंप दौंडलाच का नेला

प्रिय अंकिता,

मी निमोण्याची गिताबाई. तुझ्या बापाची आई. ओळख पटते का बघ: रंगानं सावळी, पुढचे दात गेलेले, कपाळावर हिरवं गोंदण. ह्याच गोंदणावर बोट ठेवून तू लहानपणी झोपायचीस. पुण्यात गेल्यावर पोरी घरची वाट विसरतात असं ऐकून होते, तू तर घरचा फोनसुद्धा विसरलीस. श्रावणात एकदा केला होतास. "जेवलीस का आज्जी," विचारलंस आणि मी सांगायच्या आत ठेवूनही दिलास. तर सांगते, जेवले होते. मेथीची भाजी होती आणि मीठ कमी होतं.

हे पत्र तुझी आई लिहितेय. मला मेंढरं ओळखायला शिकवलं, अक्षरं ओळखायला कुणी शिकवलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. दुपारची वेळ आहे, तुझे आबा ओसरीवर घोरतायत, कोंबड्या भिंतीच्या सावलीला बसल्यात, आणि सुषमा वही मांडीवर घेऊन कुरकुर करतेय की, "आत्याबाई, फोन करा की. पत्र कोण लिहितं आता?" मी म्हटलं, फोन तुझ्या बापाच्या, संपतच्या खिशात असतो, आणि तो बोलायला लागला की मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू जातं. तू लिही. तर ती लिहितेय. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. दहावी झालेली सून केली त्याचे हे भोग. हे लिहिताना ती हसली. हसू दे. शेवटापर्यंत हसते का बघू.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुला बघायला पाहुणे येणार आहेत, ते तुला कळवलंच आहे. तुझ्या आईच्या मावसभावानं आणलेलं स्थळ, कर्जतकडचं. मुलगा चांगला आहे म्हणतात. मी फोटो पाहिला. मोटारीला टेकून उभा आहे. मोटार कुणाची ते फोटोत कळत नाही. तू हो म्हणत नाहीस, नाही म्हणत नाहीस, आणि तुझी आई तुझं गप्प राहणं 'हो'मध्ये धरून बसलीय. पाहुणे एकदा दारात येऊन चहा पिऊन गेले की मागं फिरणं किती अवघड जातं, ते मला विचार. त्यावर मी बोलणार आहे, पण आधी ट्रॅक्टरचं ऐक. ह्या आठवड्यात आपल्या घरात जे झालं ते सगळं त्याच्या पंपापासून झालं.

आपल्याकडचा भादव्याच्या अवसेचा पोळा तुझ्या ध्यानात असेलच. बैल जाऊन किती वर्षं झाली, पण आबांनी पोळा सोडला नाही. ट्रॅक्टर धुवायचा, हुडावर झूल टाकायची, पुढच्या दिव्यांना गोंडे बांधायचे, पुरणपोळीचा घास रेडिएटरला लावायचा. यंदा झालं असं की, सकाळी तुझ्या बापाला वरच्या तुकड्याची नांगरट आठवली. आबा म्हणाले, पोळ्याला कुणी जुंपतं का? संपत म्हणाला, हा काय बैल आहे का? आणि गेला घेऊन. दुपारी तापलेला ट्रॅक्टर दारात आला, इंजिन चालूच होतं, आणि आबांनी बोअरची गार नळी सरळ त्याच्या कुशीत सोडली. वाफ उठली. आबा म्हणाले, बघ कसा सुखावला. तेवढ्यात त्यानं एक आचका दिला आणि गप्प झाला. सकाळी तो बैल नव्हता म्हणून राबवला, आणि दुपारी बैल होता म्हणून धुतला. दोघांनी मिळून जीव घेतला बिचाऱ्याचा. मग बापलेक एकमेकांशी बोलेनात.

गावातला मिस्त्री आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, डिझेलचा पंप जाम झालाय. तापलेल्या पंपावर गार पाणी पडलं की आतलं लोखंड आवळतं आणि अडकून बसतं. पंप खोलून दुकानात न्यावा लागेल. संपत म्हणाला, उद्या घोडनदीला टाकून येतो. मी म्हटलं, घोडनदीला नाही, दौंडला न्यायचा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. घोडनदी म्हणजे आपलं शिरूरच, हाकेवर, तिथं दुकानं, ओळखीची माणसं, आणि म्हातारी म्हणते दौंड. मी म्हटलं, मला भीमा बघायची आहे. मरायच्या आधी एकदा. मरायचं नाव काढलं की संपत लगेच ऐकतो, तूही हे ध्यानात ठेव, पुढं कामाला येईल.

गाडीत पंप मी मांडीवर घेतला. संपत म्हणाला मागं टाकू, मी म्हटलं आदळेल. जुन्या लुगड्यात गुंडाळला होता. जड, गार, आणि डिझेलचा वास. आबा खिडकीशी, मी मधे. मांडवगण मागं पडलं, उसाच्या मधनं रस्ता वाकत गेला, आणि मला डोळा लागला का जागीच होते, कुणास ठाऊक. लग्न होऊन आले त्या सालची मी दिसले मला. मांडीवर पंप नव्हता, कोकरू होतं, रात्रीच व्यालेलं, ओलंच अजून. पुढं आबा, खांद्यावर घोंगडी, आणि सगळा कळप भीमेच्या पाण्यात उतरलेला. पाणी दिसतच नव्हतं, नुसती पांढरी-काळी पाठच वाहत चाललेली. घंटा पाण्याखाली गेल्या की मुक्या होत आणि पलीकडं निघाल्या की एकेक करून पुन्हा वाजत. तेव्हा पलीकडचे शेतकरी आपली मेंढरं खतासाठी रानात बसवून घ्यायचे. त्यांच्या बाया ताक द्यायच्या, भाकरी द्यायच्या. मायेच्या होत्या. पण द्यायच्या बांधावरच. घरात या, असं कुणी म्हटलं नाही, आणि आपल्यालाही त्यात काही वाटत नव्हतं. डोळे उघडले तेव्हा गाडी पुलावर होती, खाली भीमा तशीच, आणि मी पंपाला थोपटत होते. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "झोपलं का?" चेष्टा करायची अजून जात नाही त्यांची.

दुकान कसं आहे ते तुला काय सांगू. सांगतेच. स्टेशनाच्या अलीकडं, गल्लीत, बाहेर जुन्या नळ्यांची जाळी, आत एक मोठं यंत्र. त्यावर पंप चढवला की काचेच्या नळ्यांत डिझेल पडतं, आणि सगळ्या नळ्यांत सारखं पडतंय का ते बघायचं. दुकानदार तरणा. नाव रविराज. केसांना तेल लावून भांग असा पाडलेला की वाटावं आत्ता फोटो काढायचा आहे, आणि हात मात्र कोपरापर्यंत काळे. बोलका फार. संपतनं गावाचं नाव सांगितलं, "निमोणे", आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला. उचलला. "निमोणे म्हणजे शिरूरचं का?" म्हणाला. दुसरं निमोणे मला तरी माहीत नाही. मग आमच्यासाठी चहा सांगितला. तो आल्यावर आणखी एकदा सांगितला.

पंप त्यानं उघडला आणि आतली एक बारीक दांडी दाखवली, बोटाएवढी, आरशासारखी. ती एका नळकांड्यात वरखाली होते आणि डिझेल ढकलते. तीच अडकली होती. आबा म्हणाले, तेवढी दांडी बदल. तो म्हणाला, आबा, ही जोडी असते, एकमेकांत घासूनच बनवलेली, एक गेलं की दुसरंही बदलावं लागतं. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, पोरा, आमच्यातलं कोण आधी अडकतंय ते सांग आबांना. मग त्यानं विचारलं, गरम असताना धुतला का? आणि बापलेकांनी एकदमच एकमेकांकडं बोट केलं. तो इतका हसला की संपतलाही हसू आलं, आणि पोळ्यापासूनचा अबोला तिथं दौंडच्या गल्लीत सुटला. नंतर संपत आणि तो दोघं ट्रॅक्टरवर बोलत बसले ते उन्हं उतरेपर्यंत. तुझा बाप माणसाशी इतकं बोलतो हे मला त्या दिवशी कळलं.

चौथ्या माळेला रविराज स्वतः पंप घेऊन निमोण्याला आला. म्हणाला, टायमिंग मीच बांधून देतो. ते बांधणं तू पाहायला हवं होतंस. इंजिनाचं जड चाक हातानं तसूतसूनं फिरवायचं, आणि पंपाच्या तोंडातून डिझेलचा थेंब पडत असतो तो कुठं थांबतो ते बघायचं. थांबला, त्याच जागी पंप आवळायचा. आबा वाकलेले, संपत वाकलेला, मी जात्यावर बसलेली, तुझी आई दारात पिठाच्या हातानं. थेंब पडे, पुन्हा धरे, पुन्हा पडे. वारा पडला होता. एका थेंबानं धरलं, लोंबला, आणि पडलाच नाही. तिथंच राहिला, ऊन घेऊन. एवढ्याशा थेंबात मला अख्खं आंगण दिसलं म्हटलं तर तुझी आई लिहिणार नाही, पण मला दिसलं. मग त्यानं नट आवळले, आणि ट्रॅक्टर पहिल्या हाकेला उठला. आवाज कसा, तर जेवून उठलेल्या माणसासारखा.

तुझ्या आईनं त्याला जेवायला बसवलं. स्वतःला नवरात्राचा उपास, तरी त्याच्यासाठी भाकरी थापल्या. पिठलं केलं, ठेचा केला. आडनाव विचारता विचारता, नको नको म्हणताना आणखी एक वाढली. त्यानं ताट स्वतः उचलून मोरीत नेलं, तर ही दिवसभर तेच सांगत होती, कुणाचा असंल, आईनं वळण किती चांगलं लावलंय, असा जावई मिळायला नशीब लागतं. हे असं म्हणालीस का नाही, सुषमा? म्हणालीस. मग लिही.

आता तुझं, अंकिता. वैशाखात यात्रेला आली होतीस तेव्हा ट्रॅक्टर चालू झाला आणि तू चूल फुंकता फुंकता म्हणालीस, "ठोकतोय, पंपाचं टायमिंग पुढं गेलंय." हिशोबाचं कॉलेज केलेली पोर, चुलीपाशी बसून पंपाचं टायमिंग सांगते! मी विचारलं, कुणी शिकवलं? तू म्हणालीस, "कॉलेजला असताना दौंडला मावशीकडं राहत होते ना, तिथं एक पंपवाला…" आणि जीभ चावलीस. मग उगाच भांडी घासत बसलीस, घासलेलीच. मला वाचता येत नाही, पण पोरीचं तोंड वाचता येतं. दौंडला निघताना संपत गाडी आणायला गेला तेव्हा मी रविराजला सरळ विचारलं, आमची अंकिता ओळखतोस का? कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "आज्जी, मी यायलाच निघालो होतो. तीच म्हणते थांब. म्हणते, आई ऐकणार नाही."

तुझ्या आईचं पेन थांबलं होतं. वही मिटली होती, आता पुन्हा उघडलीय. "आत्याबाई, ते मराठे, आपण धनगर. माझ्या भावाला मी काय तोंड दाखवू?" म्हणाली. मी म्हटलं, हेही लिही. लिहितेय. तुला आता कळलं असेल हे पत्र कशाला. तुला सांगण्यासारखं माझ्याकडं काय होतं? तुला सगळं माहीतच होतं. माहीत नव्हतं ते हिला. मी तोंडानं सांगितलं असतं तर ही पहिल्या वाक्याला उठून गोठ्यात गेली असती. लिहायला बसलेलं माणूस मधेच उठत नाही, आणि आपल्या हातानं वाढलेली भाकरी आपल्याच हातानं लिहिल्यावर खोडता येत नाही. संपतची काळजी करू नको, तो कालपासून तीनदा म्हणालाय, रविराजला एकदा पेरणीयंत्र दाखवायला हवं. पाहुण्यांना कळवायचं का नाही, ते तुझ्या आईवर. ती आत जाऊन पाणी पिऊन आली. डोळे पुसले का तोंड धुतलं ते मी विचारलं नाही. म्हणते, "मी हो म्हटलेलं नाही, हे आधी लिहिते." लिहू दे. पण पुढचं ती आपल्या मनानं बोलली, मी सांगितलेलं नाही, जसं बोलली तसं लिहायला लावते: "दसऱ्याला त्याला घेऊन ये. विकतची पेढेबर्फी काही आणू नका. त्याच्या आईनं घटावर बांधायला तळलेल्या कडाकण्या डब्यात भरून द्यायला सांग, बघू तरी त्यांच्यात कशा करतात." आणि हे माझं: मला दात नाहीत, तेव्हा माझ्या दोन जरा पातळ लाटायच्या.

तुझीच,
आज्जी