थामागाचं कातडं

४ मार्च

गाडी दोनदा धुतली. मागच्या सीटवर एका पाहुणीचं पोर ओकलं होतं — दूध आणि संत्र्याचा रस. त्यावर त्यांच्या उन्हाच्या मलमाचा गोडूस वास. आठही जणांच्या अंगाला तोच. दुपारपर्यंत माझं डोकं उठतं.

आमचा गाइड मोदिसा पुढे माइक धरून रोजचंच बोलला. "मंडळी, एका दिवसात तुम्हाला आख्खा बोट्स्वाना आणि आख्खं गाबोरोन दाखवतो." एका दिवसात. मी दोन वर्षं इथे आहे आणि मला अजून हे गाव आवडेल अशी एक जागा सापडलेली नाही. तीन राजांचे पुतळे, संसद, बाजार, धरण, टेकडीवरची माकडं, आणि शेवटी कातड्यांचं दुकान. त्या दुकानवाल्याचं आणि मोदिसाचं साटंलोटं आहे.

मी काय करतो? पाण्याच्या बाटल्या देतो, दार उघडतो, हसतो. हसून हसून गाल दुखतात. पाचवीत शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं, आता कोणी उभं राहा, बस म्हणणार नाही.

५ मार्च

माकडानं एका पाहुण्याच्या हातातली पावरोटी पळवली. आजच्या दिवसातली एवढीच चांगली गोष्ट.

७ मार्च

लिहायला हात वळत नाही.

दुकानात नवी कातडी टांगली होती. मी बाटल्यांचं खोकं घेऊन आत गेलो आणि समोर थामागा. तांबड्यावर पांढरे शिंतोडे, कोणी आंबट दुधाचा हात झटकल्यासारखे. या रंगाच्या बैलाला आमच्याकडे थामागाच म्हणतात, मी त्याचं तेच नाव ठेवलं. त्याच्या आईच्या पोटचे सगळे असेच निघायचे. कातड्याच्या मागच्या मांडीवर मामाचा डाग, तापल्या लोखंडानं दिलेला.

बाप मी लहान असतानाच गेला. आई मला घेऊन भावाकडे आली, हुकुंत्सीला, पार वाळवंटात. आमची जी काय गुरं, ती मामाच्या तळावर, मामाच्याच डागाची. मी मामाची गुरं राखली, त्याची मजुरी म्हणून थामागा मिळाला, वासरू असताना. त्याला मी माझ्या हातानं पाणी पाजलंय.

गोराताशी लग्न करायचं तर तिच्या घरी आठ गुरं द्यायची आहेत. आमच्यात जोडीजोडीनं देतात. सातावर कोणी मुलगी देत नाही. थामागा आठवा. आणि पुढच्या आठवड्यात मामा इथे येतोय, माझ्यासाठी तिला मागायला!

खोकं हातातून सुटलं. पाहुणे हसले. मोदिसा त्यांना सांगत होता, "हा डाग बघा, ही आमच्या पूर्वजांची पावसाची खूण." पावसाची! ते मामाच्या नावाचं पहिलं अक्षर आहे आणि खाली एक आडवी रेघ. हा खोटं बोलून खातो, मामा माझा बैल चोरून विकून खातो, आणि मी दोघांच्या मधे दार उघडून उभा.

८ मार्च

गोराताकडे गेलो. ती बसस्टँडवर पिठाचे तळलेले गोळे विकते. तेलाच्या धुरातच तिला सगळं सांगितलं.

"तू नक्की ओळखलंस?"

"डोळे झाकून ओळखीन."

"डोळे झाकूनच ओळखलेलं दिसतंय. बरं, मग आता काय करणार? मामाला हाकलणार?"

"त्याचं तोंड बघायची इच्छा नाही."

"मग माझंही बघू नकोस. मामा नसेल तर आमच्याकडचे काका फाटकसुद्धा उघडणार नाहीत. चोर असू दे नाहीतर दरोडेखोर, आधी त्याला आमच्या दारात रीतीप्रमाणे पाणी मागू दे, म्हणजे मला मागू दे. मग काय भांडायचं ते भांड, मी लाटणं देते."

आणि गिऱ्हाइकाला हाक मारली. पटलं. पण घशाखाली उतरत नाही. ज्यानं माझा बैल विकला त्याच्याच पाया पडायचं.

१३ मार्च

मामा आला. बसमधून उतरला तेव्हा आधी हॅट उतरली, मग काठी, मग मामा. सोबत वाळवलेल्या मांसाची पिशवी. आख्ख्या बसला तिचा वास लागला असणार.

"भाच्या, वाळलास. इथे खायला देत नाहीत का नुसतं दाखवतात?"

खोलीवर आणला. खाटेवर बसून त्यानं चारी भिंतींकडे पाहिलं. "आमच्याकडे कोंबड्यांना याहून मोठं असतं." मग बुटांची धूळ माझ्या टॉवेलनं पुसली. माझ्या टॉवेलनं.

मी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "गुरं कशी आहेत?"

"आहेत. पाऊस नाही, गवत नाही, पण आहेत. पाण्याची पिंपं आता गाढवं ओढतात."

"थामागा?"

"तोही आहे."

माझ्याकडे बघून म्हणाला. डोळा हलला नाही, हात थांबला नाही, बोटं चाटत होता. मी ताट तसंच सरकवलं. ते पण त्यानंच खाल्लं.

१४ मार्च

आज त्याला गाडीत घेतलं. मनात म्हटलं, बघच मामा राजधानी, सगळी बघ, शेवटचं दुकानही बघ. मोदिसाला वाटलं, मी कौतुकानं विचारतोय. "बसू दे रे म्हाताऱ्याला. असा हॅटवाला अस्सल माणूस पाहुण्यांना लागतोच."

तीन राजांच्या पुतळ्यांपाशी मामा म्हणाला, "एवढे मोठे राजे, आणि बसायला खुर्ची नाही दिली?" काचेची इमारत बघून म्हणाला, "यात राहणाऱ्याला अंघोळ कधी करायची?" पाहुण्यांनी मोदिसाला विचारलं, म्हातारा काय म्हणतोय. मोदिसानं सांगितलं, तो देशाला आशीर्वाद देतोय. सगळ्यांनी मामाचे फोटो काढले. मामानंही हॅट सारखी करून काढू दिले, आणि वर सांगितलं की सिंहाला काठीनं मारलंय. मारलंय कसलं! सिंह आला होता तेव्हा हा झाडावर होता, मी खालच्या फांदीवर.

जेवायला हॉटेलात कुटलेलं मांस, वाटीभर. "हे चाखायला दिलंय का? बायकांनी शिजवलेलं दिसतंय, हे पुरुषांचं काम." वाटी मात्र पुसून खाल्ली. मी गाडीला टेकून उभा होतो. मला त्याची हॅट, त्याचं हसू, बुटांच्या गाठी मारलेल्या नाड्या — सगळ्याची शिसारी येत होती.

मग दुकान. मी मुद्दाम त्याच्या मागेच राहिलो.

थामागाच्या कातड्यासमोर तो थांबला. हॅट काढली. हात पाठीवरून फिरवत खांद्यापाशी नेला. तिथे केस गेले होते, चकचकीत घट्टा होता, तिथे अंगठा घासत राहिला. मी म्हटलं, आता बोलेल. आता तरी.

एक जाडी पाहुणी आली. तिला कातडं आवडलं. तिनं मोदिसाला विचारलं, बैल कसा होता, म्हाताऱ्याला माहीत असेल का. आणि मामा बोलला! "तिला सांग, शांत होता. कधी लाथ मारली नाही. पोरं पाठीवर बसायची. हाक मारली की यायचा. सांग तिला, घरात अंथरलं तर पायाला वाईट वाटणार नाही." मोदिसानं पावसाचं काहीतरी सांगितलं. बाईनं घेतलं. दुकानवाल्यानं गुंडाळून दोरीनं आवळलं आणि मी — मीच — ते गाडीत नेऊन ठेवलं. तिच्या कुत्र्यासाठी आहे म्हणाली.

एकदा विकून पोट भरलं नाही म्हणून मेल्यावर परत विकला.

संध्याकाळी गाड्यांच्या अंगणात माझा ताबा सुटला. गोराताचं बोलणं विसरलो. आयुष्यात पहिल्यांदा मामाला अरे-तुरे केलं.

"माझा बैल विकलास तू. काल म्हणालास, आहे."

"म्हणालो."

"चोर आहेस तू. मेलेल्या बहिणीच्या नवऱ्यालाही लाज वाटेल तुझी." काय बोललो तेही नीट बोललो नाही. आई जिवंत आहे. मेला तो बाप.

मोदिसा, ड्रायव्हर, सगळे बघत होते. मामानं हॅट घातली.

"तू ओळखलंस ते कातडं?"

"मी वाढवलंय त्याला."

"मग झालं," मामा म्हणाला. "पहाटे मला त्या मुलीच्या घरी जायचंय. माझे बूट पुसून ठेव."

पुसले. थुंकी लावून पुसले.

१५ मार्च

उजाडायच्या आत मामा आमचे इथले दोन लांबचे काका घेऊन नदीपलीकडे त्लोक्वेंगला गेला, गोराताच्या घरी. मुलानं जायचं नसतं. मी गाडी धुतली. धुतलेलीच परत धुतली.

उन्हं वर आल्यावर तिघे परतले. एक काका म्हणाला, "तुझा मामा बोलला रे! म्हणाला, आमचा मुलगा तहानलाय, तुमच्या घरातलं पाणी मागायला आलोय. त्यांनी विचारलं, पाणी काय नदीत नाही? तर म्हणाला, नदीचं पाणी पिऊन तो असा झालाय, पाहिलाय ना त्याला." सगळे हसले म्हणे. हो म्हणाले. आठ गुरं, जिवंत, हिवाळ्यात, म्हणजे जूनमध्ये.

मामा हसला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मांसाची पिशवी माझ्या खाटेवर ठेवून दुपारच्या बसनं गेला.

मला आनंद व्हायला हवा होता. आठवा कुठून आणणार आहे हा? दुसऱ्या कोणाचा चोरून?

१६ मार्च

मांसाची पिशवी मोदिसाला दिली. म्हणाला, उत्तम आहे. मी चाखलं नाही.

९ एप्रिल

आईचा फोन. उचलला नाही. ती भावाचीच बाजू घेणार. परत आला, परत नाही उचलला.

३ मे

थंडी पडली. पाहुणे वाढले. मोदिसा आजारी, म्हणून माइक माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "मंडळी, एका दिवसात आख्खा बोट्स्वाना दाखवतो." दुकानात एकीनं दुसऱ्या कातड्यावरचा डाग दाखवून विचारलं, हे काय. तोंडातून निघालं — पावसाची खूण.

घरी येऊन तोंड धुतलं.

२८ मे

गोराता म्हणते, आईला फोन कर. म्हटलं, नंतर. ती म्हणाली, "तुझं नंतर आणि आमच्या काकांचं हो, दोन्ही एकदाच संपणार बघ."

२१ जून

ट्रक पहाटेच आला, त्लोक्वेंगला, गोराताच्या फाटकासमोर. मी लांब, कोपऱ्यावर उभा. फळी पाडली. दोन नव्या कालवडी उतरल्या, मग ओळखीच्या पाच गाई. शेवटी तांबडा, पांढऱ्या शिंतोड्यांचा.

थामागा. जिवंत. खांद्यावर घट्टा नाही. कसा असेल, त्याच्या मानेवर जू कधी ठेवलंच नव्हतं. जू होतं ते मामाच्या म्हाताऱ्या बैलाच्या मानेवर, याच्याच आईच्या पोटचा थोरला, पाण्याची पिंपं ओढायचा. दुकानातलं कातडं त्याचं. मी त्याच्याच पाठीवर बसून लहानाचा मोठा झालो.

ड्रायव्हर म्हणाला, "तुमच्या दोन गाई दुष्काळात गेल्या. मामानं स्वतःचा बैल खाटकाला देऊन या कालवडी घेतल्या. आई सांगायला फोन करत होती ना?"

"मामा कुठेत?"

"येत नाही म्हणाले. निरोप दिलाय. चोरानं धाडलेली आहेत, मोजून घे."

गोराताचे काका फाटकाशी उभे आहेत. म्हणतात, मामाच्या हातून आल्याशिवाय एकही जनावर आत घेणार नाही. संध्याकाळपर्यंत थांबतो, मग ट्रक परत जाऊ दे. गोराता दारात आहे, माझ्याकडे बघत नाही.

थामागाचं तोंड धरलं. त्यानं हात हुंगला आणि मान फिरवली. गाडीतल्या पाहुण्यांच्या मलमाचा वास येत असणार माझ्या हाताला.

हुकुंत्सी गाठून संध्याकाळपर्यंत मामाला घेऊन येता येत नाही. आईला फोन लावलाय. वाजतोय.