भिंतीकडच्या शेळ्या आणि पाऱ्याची वाफ

मी, लंकाबाई कोम पुंजा, वय अदमासे बासष्ट, धंदा शेळ्या पाळणे, राहणार नाशिक, कोणाच्या भिडेस न पडता हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, परंतु मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे दस्तलेखक गोटीराम यांनी सांगितले. मला लिहिता येत नाही. मी सांगते, ते लिहितात. मधून मधून ते माझे बोलणे सुधारतात, त्यास हरकत नाही. वगळू मात्र नये.

कलम पहिले. माझे दोन खणांचे घर व मागचा गोठा मी नवरा पुंजा याच्या पश्चात शेळ्यांच्या दुधावर घेतला आहे. वडिलोपार्जित नाही, सबब त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. घर व गोठा दोन्ही माझ्यामागे विंचूरच्या बहिणीची, कुसाबाईची मुलगी सिंधुबाई हिला मिळावे. अट एकच. गोठ्याच्या भिंतीपलीकडे कोणी भट्टी घालू लागल्यास तिने पहिल्याच दिवशी भांडावे. मला उशीर झाला.

कलम दुसरे. माझे दीर खंडेराव यांना पाच लिंबे द्यावीत. कारण येणेप्रमाणे.

माझ्या भिंतीला लागून शौकतभाई मुलामेवाले राहतात. कळसावर, मुकुटावर सोन्याचा मुलामा चढवण्यात त्यांचा हात धरणारा नाशकात नाही, हे मी भांडणातसुद्धा कबूल केले आहे. सोने पाऱ्यात कालवून तांब्याला माखतात आणि भट्टीवर धरतात. पारा उडून जातो, सोने राहते. पारा उडून कुठे जातो, याची त्यांनी चौकशी केली नव्हती. सन १९३३ साली त्यांनी भट्टी अंगणातून उचलून आमच्या सामाईक भिंतीला आणली. त्या भिंतीतला झरोका माझ्या गोठ्यात उघडतो.

त्या साली माझ्या पाच गाभण शेळ्यांपैकी चार गाभडल्या, दिवस भरायच्या आतच गर्भ पडले. पाचवीचे करडू पायांवर उभेच राहिले नाही, तिसऱ्या दिवशी गेले. त्याआधी वीस वर्षांत माझी एकच शेळी गाभडली होती, तीही कुत्रे मागे लागल्यामुळे. खंडेराव आले, त्यांनी लिंबू उतरवले आणि गल्लीभर सांगत सुटले, “वहिनीचा हातच वाईट हाय. पुंजादादा बी तसाच गेला.” लोकांनी माझ्याकडचे दूध बंद केले. एका बाळंतिणीच्या सासूने मला उंबऱ्यावरूनच परत पाठवले. ते मी विसरलेली नाही. पाच लिंबे त्याबद्दल. सरबत करून प्यावे.

मी शिकलेली नाही, पण जनावराचे मला कळते. पुढच्या खेपेस एकाच बोकडाकडून, एकाच आठवड्यात फळलेल्या चार शेळ्या घेतल्या. दोन भिंतीशी बांधल्या, दोन बैलगाडीने विंचूरला कुसाबाईकडे पाठवल्या. विंचूरच्या दोघी सुखरूप व्याल्या, एकीला जुळी. भिंतीकडची एक गाभडली. दुसरीचे करडू मांजराएवढे झाले, दूध ओढीना, तेही गेले. मग मी अदलाबदल केली: विंचूरच्या दोघी भिंतीशी, भिंतीकडच्या दोघी विंचूरला. विंचूरला पुन्हा जिवंत करडे, एक जरा लहानखुरे. भिंतीशी पुन्हा दोन्ही मेलेली.

मी शौकतभाईंकडे गेले व सगळे सांगितले. ते म्हणाले, “अहो बाई, तीस वर्षं मी ही वाफ खातोय. मला काय झालं?”

मी म्हणाले, “तुम्ही कधी गाभण होते का, शौकतभाई?”

यावर ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

बोलल्या त्या त्यांच्या घरच्या, हाजरा. झरोक्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “सुनेचं दोनदा गेलं. आता तिसऱ्यांदा दिवस आहेत. रोज भात्यापाशी तीच बसते.” सून म्हणजे हुस्नबानो, त्यांचा मुलगा नियाज याची बायको, माहेर नांदगाव. तिला लगेच माहेरी धाडा, असे मी सांगितले. शौकतभाई म्हणाले, “सातव्याआधी माहेरी धाडायचा रिवाज नाही. आणि कळसाचं काम चालू आहे, भाता कोण ओढणार?”

म्हणून मी माझा बोकड त्यांच्या दुकानाच्या पायरीशी बांधला. बोकड ऐन माजावर होता. ज्यांनी माजावरच्या बोकडाचा वास घेतलेला नाही, त्यांना तो लिहून सांगता येणार नाही, असे गोटीराम म्हणतात. गिऱ्हाइके पदर, उपरणे नाकाला लावून कोपऱ्यावरूनच वळू लागली. नवव्या दिवशी शौकतभाई बाहेर आले. “बाई, हे जनावर हटवा.”

“सून आगगाडीत बसली की हटवते.”

त्याच दुपारी नियाज तिला नांदगावला घेऊन गेला. पूर्ण दिवसांची मुलगी झाली, रोशनबी. ती पहिल्यांदा आली तेव्हा इतकी रडली, की मी भिंतीअलीकडे बसून ऐकत राहिले आणि चुलीवरचे दूध उतू गेले. पुढच्याच आठवड्यात भट्टी नदीकाठच्या उघड्या माळावर गेली. गेल्या साली त्याच भिंतीशी माझ्या चार शेळ्या व्याल्या. सहा करडे, सगळी उड्या मारणारी.

सुनेचे आधीचे दोन्ही गर्भ वाफेनेच गेले, असे मी शपथेवर सांगत नाही. मी डॉक्टर नव्हे. शेळ्यांचे मात्र शपथेवर सांगते.

कलम तिसरे. पांढरी शेळी व तिची पिल्ले रोशनबीला द्यावीत. बाकीच्या कुसाबाईला. बोकड म्हातारा झाला आहे. त्याला कोणी कापू नये, व त्याच्याजवळ कोणाला बळेच बसवू नये.

कलम चौथे. शौकतभाईंना काही नाही. साक्षीदाराचा हात रिकामा असावा, त्याला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे गोटीराम सांगतात; म्हणूनच त्यांना साक्षीदार केले.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते मी सांगितल्याबरहुकूम आहे.

मुक्काम नाशिक, तारीख १४ माहे फेब्रुवारी सन १९३७.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, लंकाबाई कोम पुंजा.

साक्ष: १. यादव, दुधाचे गिऱ्हाईक, सही दस्तुरखुद्द.

२. शौकत मुलामेवाले. लिहिता येते, परंतु हात कापत असल्याने अंगठा.

दस्तलेखकाची नोंद: साक्षीदार क्रमांक दोन यांनी अंगठा उठवल्यावर सांगितले, “मुनशीजी, तिसऱ्या कलमाच्या आधी सुनेबद्दल बाईंनी जे शपथेवर सांगितलं नाही, ते माझ्या नावावर लिहा. मी सांगतो.” बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “लिहा. आन् त्यांला पाणी द्या.” त्याप्रमाणे लिहिले. पाणी दिले.