पोळ्याले गाडी थांबते

१ सप्टेंबर १९७८. खांदशेकणी.
महादेवच्या बैलांचे खांदे शेकायला गेलो. हळद-लोणी लावलं. बैलांना म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जोडीतल्या लाल्यानं मान आपणहून पुढे केली. महादेव शाळेपासूनचा सोबती. वांगी-टमाटे काढतो. जोडी ही एकच.

उद्या फाटकावर ड्यूटी माझी. तोरण तुटलं की बैल रुळांपलीकडे मारुतीला जातात, आणि पाचची गाडी फाटकाअलीकडे उभी राहते. लाइन टाकली तेव्हा गाव इकडे राहिलं, मारुती तिकडे. जमिनी दिल्या त्या याच बोलीवर. आजोबांच्या वेळच्या साहेबानं शब्द दिला होता. कागद नाही, कधी लागलाही नाही. ड्रायव्हरला पुरणपोळी मात्र आमच्याच घरची. बायकोनं डाळ निवडून ठेवली आहे.

२ सप्टें. शनि. पोळा.
लिहवत नाही. लाल्या गेला.

३ सप्टें.
कालचं आजच लिहितो, नाहीतर उद्या सोयीचं आठवायला लागेल.

फाटक बैलांसाठी उघडं. डफडी जोरात. मी रुळाशेजारी ताट घेऊन उभा. लाल झेंडी खोलीत, खुंटीला. शिटी ऐकली. एक आखूड, मग एक लांब. मनात म्हटलं, पाहिलं त्यानं, थांबतोच आता. ड्रायव्हर नवा होता. ब्रेक लावले त्यानं, चाकाखाली ठिणग्या दिसल्या, पण तोवर...

माणसं वाचली. बाकीचे बैलही. महादेव लाल्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला, उठेचना. झूल नवीन होती.

आज कर, पोळ्याचा दुसरा दिवस. पोरांचा तान्हा पोळा निघाला नाही.

६ सप्टें.
ड्रायव्हरला घरी बसवलं. मलाही. सोमवारी वर्ध्याला चौकशी.

पाटील चार जणांना घेऊन आले. "नामदेवभाऊ, शिटी वाजलीच नाई म्हणजो. आमी बी तेच सांगून राह्यलो. तो ड्रायव्हर कोण आपला?"

ते गेल्यावर बायको म्हणाली, "क्वार्टर गेलं तं पोरीईले घेऊन जाचं कुठं?" तिचंही चूक नाही. तरी तिच्याशी नीट बोललो नाही, उगाच.

९ सप्टें.
दुपारी ड्रायव्हर आला. चपला काढून दारातच उभा राहिला. नागपूरकडचा आहे.
"भाऊ, पोळ्याले गाडी थांबते, हे मले कोणी सांगतलंच नाई."
चहा घेतला नाही. शिटीचं नावही काढलं नाही. हातापाया पडला असता तर त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

खरंच, कोणी सांगायचं होतं? आम्हाला वाटायचं, साऱ्या जगाला ठाऊक आहे.

११ सप्टें. वर्धा.
साहेबानं विचारलं, गाडी थांबवायची असं लिहिलंय कुठं? कुठंच नाही. झेंडी? खोलीत होती. शिटी वाजली?
वाजली म्हटलं. दोनदा. सही केली.
परतीच्या गाडीत पाटील दुसऱ्या डब्यात जाऊन बसले.

१४ सप्टें.
वर्ध्याहून अजून हुकूम नाही. पारावर गेलो की माणसांना घरची कामं आठवतात. बायको स्वयंपाक करते, वाढते, बस.

संध्याकाळी महादेव आला. पोळ्यानंतर पहिल्यांदा. ओट्यावर बसला.
"शिटी खरंच वाजली होती काय?"
"वाजली."
"मले डफड्यात आयकूच आली नाई." मग म्हणाला, "पन तुले आयकू आलती. मंग आमाले काऊन नाई हाकललं, नामदेव?"
वर्ध्याला तीन तास प्रश्न झाले, हा कोणी विचारला नव्हता.
म्हटलं, "वाटलं, थांबते. दरसाल थांबते."
त्यानं मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. बायकोनं आणलेलं पाणी तसंच ठेवून उठला.

हुकूम काय यायचा तो येवो. महादेव पुन्हा ओट्यावर येईल का, हे कोणाला विचारू?