चहा तसाच परत आला

धाकटे,
ताईचा आशीर्वाद. आईच्या गुडघ्यांना तेल लावतेस ना?

मी बरी आहे. आपले आणि मित्रदेशांचे साहेब सरहद्द राखायची बोलणी करतात, त्या हॉलात चहा माझा. कितीही भांडले तरी कप रिकामे येतात. आज सगळे भरलेलेच आले, वर साय धरलेली. मग मुकादम म्हणाला, "मावशी, मित्रदेशवाल्यांच्या खुर्च्या उचला. ते मदतीला येणार नाहीत."

"जेवायला तरी येतील का?" मी विचारलं. एरवी खिदळणारा मुकादम हसला नाही.

तू घाबरू नकोस. सरहद्द आपल्या परसामागेच आहे, म्हणून सांगते. पत्र मिळताच आईला घेऊन मामाकडे नीघ. तिला म्हणावं, मामाला बघून येऊ. आणि जाताना म्हशीचं दावं सोडून दे, बांधून ठेवू नकोस.

तुझीच,
ताई