घागर भरल्यानंतरचं रडू

माय, तुझा नियम मी मोडला. आधी तेवढं सांगून टाकते, बाकीचं नंतर. तू गेलीस तेव्हा आपल्या गल्लीत फोनसुद्धा एकच होता, त्यामुळे साथ, मास्क, लस हे सगळं तुला कसं समजावू? असा एक आजार आला, की माणसाने माणसाजवळ जायचं नाही, एवढं धरून चाल. दीड वर्ष मी शहाद्याच्या घरात एकटी होते. भाजीवालीशीही खिडकीतूनच बोलायचे. दिवाळीच्या तोंडावर लसीचा दुसरा डोस झाला आणि पुण्याहून तुझ्या नातवाचा फोन आला. आता मी कुठे जायचं आणि कुठे नाही, हे तो ठरवणार. बँकेत जा, सकाळी फिरायला जा, देवळात बाहेरूनच हात जोड. नात्यातल्या लग्नालाही जा म्हणाला, हॉल मोठा आहे. मी विचारलं, "आणि दारवर, माणूस गेलंय त्या घरी?" तो हसला. "मम्मी, गळ्यात पडून रडायला आता कोण जातं? फोन कर ना." जेवणावळीला चालतं आणि रडायला चालत नाही, हे गणित मला पटलं नाही आणि मी ते त्याला सुनावलं.

दारवर जाणं म्हणजे काय, हे तू मला शिकवलंस, तेही चारचौघींत बोलून. मी कॉलेजात होते. कुणाकडे तरी माणूस गेलं होतं आणि मी दाराशी हातरुमाल घेऊन शहाण्यासारखी उभी. तू आतून ओरडलीस, "बातमी ऐकाले उनी का तू? तिनाजोडे बस. गळामा हात टाक." मग तू रडायला लागायचीस. गेलेल्याचे गुण सुरात सांगत, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. ज्याच्याशी नळावर कडाकडा भांडलीस, त्याचेही गुण तुला बरोबर आठवायचे. पण आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, गेलेल्याच्या नावाने घागर भरली, की तू त्या घरात डोळ्यांतून थेंब काढू द्यायची नाहीस. "घागर भराई गई म्हणजे रडानं सरनं."

माझी मैत्रीण तुला आठवते ना, परकराच्या ओच्यात चिंचा लपवणारी? साखर कारखान्यातल्या माणसाला दिलेली. तो चैत्रात गेला. दवाखान्यातून घरी आणलाच नाही, परस्पर नेला. तिच्या दारवर एकही बाई गेली नाही. मीही खिडकीतच बसले. महिन्याभरात आखाजी आली, तिने एकटीने घागर भरली, आणि तुझ्या हिशेबाने रडायची मुदत संपली. जी सुरूच झाली नव्हती ती संपली कशी, एवढं मला सांग. तू समोर असतीस तर मी भांडले असते.

उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले होते. तिच्याकडे जाताना रस्ता ओलांडायला थांबले, तर शेजारच्या म्हातारीने अडवलं. "आते कशाले जास वं? ती आते कोठे सावरी ऱ्हायनी." मी म्हटलं, सावरली असेल तर चहा पिऊन येईन. मास्क नाकावर ओढला आणि निघाले.

ती ओट्यावर लसूण सोलते आहे. मला बघून उठते, खुर्ची काढते, पदराने पुसते आणि दूर ठेवते, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. दीड वर्षात सगळ्यांना हीच सवय लागली आहे. मी खुर्चीकडे बघतही नाही, सरळ तिच्याजवळ खाली बसते. ती अंग चोरते.

"तुले भेव नही लागत का?"

"लागस ना," मी म्हणते आणि तिच्या गळ्यात हात टाकते.

कितीतरी वेळ ती लाकडासारखी ताठ. मला तुझा सूर येत नाही, माय. तिच्या नवऱ्याचे गुण सांगायचे म्हटलं तर ऐनवेळी एकच आठवला, की तो आखाजीला आमच्यासाठी झोका बांधून द्यायचा. तेवढंच बोलले. मग ती म्हणाली, "कोणीच नही उनं," आणि असा हंबरडा फोडला की समोरच्या घरातल्या बायका बाहेर आल्या. अडवणारी म्हातारीही आली आणि पदर तोंडाला लावून आमच्या शेजारी टेकली. घागर कधीच भरून झाली होती आणि आम्ही रडत होतो. देव काही कोपला नाही. उद्या अशी आणखी घरं आहेत, तिथेही जाणार आहे. लग्नाला जाणार नाही. पोराला काय म्हणायचं ते म्हणू दे.

हे पत्र कुठे टाकणार, कुठेच नाही. म्हणून एक तुलाच सांगते. पोराला, म्हातारीला, सगळ्यांना मी सांगितलं की तिच्यासाठी गेले. पण तिने माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं, दीड वर्षात मला कुणी हातच लावला नव्हता. मी माझ्यासाठीही गेले होते.