तीनशे गाऊन आणि माझी प्रेरणा

२ फेब्रुवारी, सकाळी
आज उगाच आठवलं. कॉन्व्हेंट शाळेत शिवणाच्या तासाला आम्ही चाळीस मुली रुमालाच्या कडा दुमडत बसायचो. सिस्टर काही बोलायच्या नाहीत. आमच्यातच बसून स्वतःचा रुमाल शिवायच्या. किती छान शांतता! पण तेव्हा कोणी चार प्रेरणादायी शब्द ऐकवले असते, तर माझा रुमाल चौकोनी झाला असता.
हॉस्पिटलच्या शिवणखोलीची पर्यवेक्षिका म्हणून ती उणीव मी राहू देणार नाही. मुलांच्या नव्या वॉर्डासाठी तीनशे गाऊन, मुदत अठ्ठावीस तारीख. नाही झाले तर काम बाहेर जाणार, खोलीला कुलूप आणि शिवणाऱ्या पाचही जणी घरी. झाले, तर या महिनाअखेरच्या निवृत्तीनंतर मला आणखी एक वर्ष ठेवावं, असं साहेबांच्या कानावर घातलंय.
उद्यापासून रोज दहा मिनिटं प्रेरणा.

३ फेब्रुवारी
दहा मिनिटांची चाळीस झाली. विषयच तसा होता: मुंगी. सगळ्या तल्लीन. काजं-बटणं करणाऱ्या मावशींनी तर डोळेच मिटले.
गाऊन नऊ. रोज चौदा हवेत. होतील.

९ फेब्रुवारी
गाऊन सहा. दोरा कच्चा आहे.
भिंतीवर 'अशक्य काहीच नाही' लावलं. एकीने स्टूल धरलं, दुसरीने मला धरलं, बाकीच्यांनी वाकडं आहे का ते सांगितलं. तास गेला, पण सार्थकी.

१३ फेब्रुवारी
ओव्हरलॉक मशीनवरची चष्मेवाली म्हणाली, बाई, भाषण डबा खाताना ठेवलं तर? मी म्हटलं, घास अडकेल गं. म्हणाली, आता काम अडकतंय.
भारावलीय बिचारी.

१७ फेब्रुवारी
एकूण पंच्याण्णव. उरलेले मोजले नाहीत. आकड्यांनी मन खचतं. उद्या विशेष भाषण, दीड तास.

१८ फेब्रुवारी, दुपारी
विसाव्या मिनिटाला घसा बसला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस घरी, एक शब्द बोलायचा नाही. लेकीने त्यांचे दोनदा आभार मानले.
माझ्यावाचून पोरींचं कसं होणार?

२७ फेब्रुवारी
तीनशे पूर्ण! मुदतीच्या एक दिवस आधी! रविवारीही आल्या होत्या म्हणे. बी पेरलं की उगवायला वेळ लागतोच.
मावशींना कुजबुजत विचारलं, कोणतं भाषण जास्त लागू पडलं? त्या म्हणाल्या, राग मानू नका बाई, पण आठ दिवस मशीनचा आवाज ऐकू येत होता. मग माझा हात धरून म्हणाल्या, कापड बेतताना मात्र तुमची फार आठवण आली.
मी त्यातलं दुसरं वाक्यच लक्षात ठेवायचं ठरवलंय.

२८ फेब्रुवारी
साहेबांचा कागद आला. शिवणखोली चालू राहील. पर्यवेक्षिकेचं पद मात्र भरण्याची गरज नाही. तिच्या गैरहजेरीत काम तिपटीने झालं. सोबत रोजच्या कामाचा तक्ता. पहिला अर्धा माझ्याच सुवाच्य अक्षरात.
पोरी राहिल्या. आज तेवढं पुरे.
निघण्यापूर्वी:
मोठी कात्री मावशींना. धार लावून ठेवलीय.
माझी गादीची खुर्ची चष्मेवालीला. तिची पाठ दुखते, सांगत नाही.
कपाटाच्या किल्ल्या सगळ्यात धाकटीला. ती काही विसरत नाही.
भाषणांची वही कापणीच्या टेबलावर. पानं मोठी आहेत, पाठकोरी आहेत. लहान बाह्यांचे नमुने कापायला उत्तम.